टीव्ही कुणासाठी चालू आहे?

‘पाळणाघर आणि टीव्ही’ या विषयावर बोलाल का, असं मला विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. कारण याच विषयावर एका मुलीच्या आईशी मी धडधडीत खोटं बोलले होते. ते खोटं होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, ही गोष्ट वेगळी. तर तेच आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

डोंबिवली पूर्वेला आमच्या राहत्या घरात १९९४ सालापासून मी पाळणाघर चालवते. त्या वर्षी ह्यांची कंपनी बंद पडली. दोन मुलं शाळेत, सासूबाई घरात आणि माझं शिक्षण बारावी. खालच्या मजल्यावरच्या एका नोकरदार बाईंनी जिन्यात विचारलं, “वहिनी, बाळाला सांभाळाल का?” एकाची दोन झाली, दोनाची सहा. आमच्याकडे पाळणाघराचं वेळापत्रक लोकल ठरवते. पहिलं मूल सकाळी सातला दारात, शेवटचं रात्री आठला आईच्या कडेवर, आणि गाड्यांचा गोंधळ असेल त्या दिवशी नऊलासुद्धा. बाई एक, हात दोन, मुलं सहा आणि त्यांतली दोन रांगती. एकाची शी धुवायला घ्यावी, तर त्याच क्षणी दुसरं कुकरच्या दिशेनं निघालेलं असतं. अशा घरात टीव्ही ही करमणूक नसते, श्रोतेहो, तो तिसरा हात असतो. ‘मुलांना टीव्ही दाखवू नका’ असं सांगणारे पुष्कळ लेख मी वाचले. तो तिसरा हात काढून घेतला तर त्याच्या जागी काय, हे त्यांतल्या फार थोड्यांनी सांगितलं.

गोष्ट मार्च २००४ची. माझ्याकडे बावीस महिन्यांची एक मुलगी होती. तिला आपण ओवी म्हणू. तिची आई फोर्टला बँकेत होती. ओवी हसरी, हाक मारली की बघायची, दाखवलेली वस्तू आणून द्यायची. पण बोलायची नाही. आई, बाबा, मम्मम आणि भू, एवढे चार शब्द. डॉक्टरांनी कान तपासून घेतले, ऐकू येत होतं. मग त्यांनी विचारलं, दिवसभर ती असते तिथे टीव्ही किती वेळ चालू असतो? हा प्रश्न घेऊन तिची आई संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिली. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती. “काकू, तुमच्याकडे टीव्ही किती वेळ असतो हो?” मी म्हटलं, “छे हो, संध्याकाळी अर्धा तास कार्टून. बस.” आणि मला ते अगदी खरं वाटत होतं.

रात्री मात्र झोप लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला, जिथे मी दुधाचा हिशेब लिहायची तिथे, एक खेळ म्हणून रेघा मारायला लागले. टीव्ही चालू असेल त्या दर अर्ध्या तासाला एक रेघ. कोण बघतंय याचा विचार करायचा नाही. चालू असेल तर रेघ. सकाळी सातला चहाबरोबर ह्यांच्या बातम्या. मग सासूबाईंची भजनं आणि प्रवचनं. अकराला भाजी चिरताना माझा पाककृतींचा कार्यक्रम. साडेबाराला मुलांना भरवताना काहीतरी रंगीत. दोन ते चार सासूबाईंच्या मालिका. त्या महिन्यात भारताचा संघ पाकिस्तानात खेळत होता, त्यामुळे मुलगा कॉलेजातून आला की क्रिकेट. आणि साडेसहाला ‘फक्त अर्धा तास’ कार्टून. रात्री आठला मी रेघा मोजल्या. एकोणीस. साडेनऊ तास.

त्यांतली मुलांची म्हणून फक्त एक रेघ होती. बाकीच्या अठरा रेघा आम्हा मोठ्यांच्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या तर कुणाच्याच नव्हत्या. संच चालू होता, एवढंच.

आता माझा समज असा, की मुलं त्या टीव्हीकडे बघतच नाहीत. ती आपली खेळत असतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मी रेघा मारण्याबरोबर ओवीकडे बघत बसले. ती वाटीत वाटी घालत होती. टीव्हीवर जाहिरात लागली, आवाज एकदम चढला, तिची मान वर. दोन-तीन सेकंद, जास्त नाही. मान पुन्हा खाली आली, पण हातात वाटी कशासाठी घेतली होती ते ती विसरली होती. वाटी टाकून ती बाहुलीकडे गेली. पुन्हा काही वाजलं, पुन्हा मान वर, बाहुली पडली. अर्ध्या तासात तिनं सात खेळ सुरू केले आणि एकही पुरा केला नाही. मी सेट बंद केला. त्याच मुलीनं पुढची वीस मिनिटं त्याच वाट्यांशी काढली.

चार वर्षांनी, २००८ साली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच प्रयोगातून दाखवलं. एक, दोन आणि तीन वर्षांची पन्नास मुलं, एका खोलीत खेळणी, आणि त्यांतला अर्धा वेळ कोपऱ्यात मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालू. मुलं पडद्याकडे क्वचितच बघत होती, तीही काही सेकंदच. तरी त्यांचा प्रत्येक खेळ आखूड होत होता आणि एका गोष्टीत मन गुंतण्याचा वेळही कमी होत होता. मला हे माझ्या मुलीनं वाचून दाखवलं. ती मानसशास्त्र शिकली. मी म्हटलं, त्यांनी आमच्या दिनदर्शिकेची मागची बाजू बघितली असती तर काम लवकर झालं असतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. टीव्ही चालू असताना मी मुलांशी काय बोलते ते मी कान देऊन ऐकलं. ये. बस. नको. थांब. तिकडे नाही. गप. दिवसभर मी एवढंच बोलत होते. टीव्ही बंद केल्यावर शांतता माझ्याच अंगावर आली आणि मग मी आपोआप बोलायला लागले, “बघ, आता आपण बटाटा सोलू, हा बघ कसा सोलला, आता याचा शर्ट काढला.” ओवीसमोर हे बोलणं मार्च महिन्यापर्यंत फारसं झालंच नव्हतं. आईवडिलांच्या बाबतीतही असंच होतं, मागे टीव्ही चालू असला की ते मुलांशी कमी बोलतात, हे त्याच संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलं. तिथले आईवडील आणि डोंबिवलीची मी, सारखेच.

मला कळलं खरं. पण ओवीच्या आईला सांगायचं कसं? सहा मुलांचे महिन्याचे पैसे म्हणजे आमच्या घराचं वाणसामान आणि मुलाच्या कॉलेजची फी. पाळणाघर तोंडी विश्वासावर चालतं. एका आईनं जिन्यात चार शब्द बोलले की संपलं. आठ दिवस मी गप्प बसले. नवव्या दिवशी दिनदर्शिकेचं ते पान फाडून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, “मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. हे खरं आहे.” तिनं पान बघितलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं, ओवीला उचललं आणि निघून गेली. एक शब्द नाही. ती रात्र कशी गेली ते मलाच ठाऊक.

सकाळी सव्वासातला ती नेहमीसारखी आली. ओवीला माझ्याकडे दिलं आणि त्याच पानाच्या कोऱ्या कोपऱ्यात तिनं पेनानं रेघा मारल्या होत्या, त्या दाखवल्या. “काकू, ही आमच्या घरची. घरात शिरल्यापासून झोपेपर्यंत.” पाच रेघा होत्या. आम्ही दोघी हसलो नाही, पण बरं वाटलं. दुसऱ्या एका मुलाच्या आईला मात्र हे सगळं कळलं आणि तिनं पुढच्या महिन्यापासून मुलाला काढून घेतलं. तिचं चूक म्हणवत नाही. खरं सांगितल्यावर सगळे खूश होतात असं काही नसतं, म्हणून हेही सांगितलं.

मग टीव्ही कमी करायचा ठरलं, आणि खरी पंचाईत मुलांची झालीच नाही. मुलांनी चार दिवस भोकाड पसरलं आणि विसरली. पंचाईत झाली सासूबाईंची. पहिल्या दिवशी दुपारी दोनला मी काही न बोलता सेट बंद केला. त्या काही म्हणाल्या नाहीत. उठून गॅलरीत जाऊन बसल्या. आठवडाभर माझ्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे बोलणं नाही. मला राग आला होता, की चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला लहान मुलाचं भलं कळू नये? राग ओसरल्यावर ध्यानात आलं, की त्या मालिकेतल्या बायका दिवसातून दोन तास त्यांच्यासमोर निवांत बोलत होत्या. मी बोलत नव्हते. सहा मुलांच्या धबडग्यात त्यांच्याशी माझं बोलणंही ‘ये, बसा, थांबा, जेवा’ एवढंच उरलं होतं.

शेवटी तोडगा निघाला तो घरातल्या सामानाच्या हलवाहलवीतून. टीव्ही पुढच्या खोलीतून उचलून आतल्या लहान खोलीत, लोखंडी कपाटाशेजारी नेला. पुढची खोली मुलांची. ज्याला बघायचं त्यानं उठून आत जायचं आणि दार लोटून घ्यायचं. एवढ्या एका बदलानं माझे निम्मे कार्यक्रम आपोआप सुटले, कारण भाजी घेऊन आत जाऊन बसणं मला परवडत नव्हतं. ह्यांनी बातम्यांऐवजी वर्तमानपत्र पुरेसं आहे असा शोध लावला. सासूबाईंच्या मालिका मुलांच्या दुपारच्या झोपेच्या वेळेत बसवल्या. मुलानं त्यांना लांब वायरचा हेडफोन आणून दिला. हेडफोन लावल्यावर माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आतून खणखणीत आवाज आला, “अगं मेले, ते पत्र तिच्या हातात देऊ नकोस!” आणि पुढच्या खोलीतली चार मुलं एकदम उठून बसली.

जेवणाचं मात्र कठीण गेलं. भरवताना टीव्ही लावायची सवय किती घरांत आहे हे मी सांगायला नको. टीव्हीसमोर मुलं चिमणीच्या पिल्लासारखी तोंडं उघडतात, घास सरकवत जायचं, सहा मुलांचा वरणभात पंधरा मिनिटांत उरकतो. टीव्ही बंद केल्यावर त्याच कामाला पाऊण तास लागायला लागला. पहिले पंधरा दिवस मुलं निम्मं जेवली. एक वडील रोज संध्याकाळी विचारायचे, “आज किती खाल्लं?” आणि माझं उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडायचा. डॉक्टरांनी धीर दिला, की पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याचंही कळत नाही आणि चवही कळत नाही. भूक लागली की खाईल. मग मी जमिनीवर जुने पेपर अंथरून गोलात पंगत मांडली. ज्याची त्याची ताटली, ज्याचा त्याचा हात. भात केसांत जायचा, वरण कोपरापर्यंत. रोज फरशी पुसणं आणि मुलांना पुसणं, हे काम वाढलं. ते काम वाढतं हे मी कुणापासून लपवत नाही.

संध्याकाळचा साडेसहाचा अर्धा तास मात्र मी ठेवला. पुढे तो वीस मिनिटांचा केला, आणि तोही दोन वर्षांच्या वरच्या मुलांसाठी. त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. त्या वेळी मुलं दमलेली असतात, आई येण्याची वाट बघत रडवेली झालेली असतात, आणि मीही अकरा तास उभी असते. त्या वीस मिनिटांत दोन वर्षांखालची मुलं सासूबाईंच्या मांडीवर, बाहेर गॅलरीत, रस्त्यावरच्या रिक्षा बघत.

पण काय लावायचं? तेव्हा व्हीसीडीचा जमाना होता. स्टेशनजवळच्या हातगाडीवरून मी तीन व्हीसीडी आणल्या. पहिलीत सगळेजण एकमेकांना हाणत होते. ती परत केली. दुसरी दिसायला फार गोड होती, रंगीत फुगे, गाणी. पण चित्र टिकत नव्हतं. मी मनात ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत चित्र बदललेलं असायचं. मुलं पापणी न हलवता बघायची. मला वाटलं, किती आवडलंय. बंद केल्यावर मात्र पंधरा-वीस मिनिटं नुसती धावाधाव, ढकलाढकली, एकाचं दुसऱ्याला चावणं. तिसरी होती ससा-कासवाची, बाहुल्यांची, साधी. कासव चालायचं तेव्हा खरंच कासवासारखं चालायचं. मुलं मध्येच उठून जायची, परत यायची, कासवाबरोबर रांगायची. संपल्यावर ती कासवच होऊन स्वयंपाकघरात यायची. तेव्हापासून माझी परीक्षा हीच राहिली: कार्यक्रम चालू असताना मुलं काय करतात हे फारसं बघायचं नाही, तो संपल्यावरची दहा मिनिटं बघायची.

भराभर बदलणाऱ्या चित्रांबद्दल २०११ साली व्हर्जिनिया विद्यापीठात एक प्रयोग झाला. चार वर्षांची साठ मुलं होती. काहींनी नऊ मिनिटं वेगवान कार्टून बघितलं, काहींनी संथ कार्यक्रम, काहींनी नुसती चित्रं काढली. वेगवान बघणाऱ्यांना लगेच नंतर मन आवरण्याची आणि सूचना पाळण्याची कामं जड गेली. हा परिणाम किती वेळ टिकतो ते त्यात बघितलं नव्हतं, तेव्हा फार घाबरूनही जाऊ नये. पण ती वीस मिनिटं ज्या बाईला सहा मुलांबरोबर काढायची असतात तिला तेवढं पुरतं.

ती ससा-कासवाची एकच व्हीसीडी आठवडाभर रोज. माझे कान किटले. मुलांचे किटत नाहीत. गुरुवारपर्यंत ती कासवाच्या आधी बोलायला लागतात, पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे याचा त्यांना कोण आनंद. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या लहान मुलांच्या कार्यक्रमाचा तर एकच भाग मुद्दाम सलग पाच दिवस दाखवत. व्हीसीडीचा आणखी एक मोठा गुण होता, तो गेल्यावर कळला. ती संपायची. चकती थांबायची, पडदा निळा व्हायचा, मुलं म्हणायची “संपलं!” आणि उठायची. वाहिनी संपत नाही. ती बंद करणारी बाई मग वाईट ठरते.

टीव्हीवरून भाषा येते असं पुष्कळांना वाटतं. २००६ साली माझ्याकडे एक तमिळ कुटुंबातलं बाळ होतं. आईवडील म्हणाले, काकू, हिंदी कार्टून लावत जा, याला हिंदी आली पाहिजे. मी लावलं नाही, पण काही बोललेही नाही. त्या मुलाला हिंदी काही आली नाही. पण दीड वर्षाचा झाल्यावर त्याला ‘नको’ आणि ‘पाणी’ यायला लागलं, आणि वस्तू पडली की तो दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणायचा, “अगं बाई!” ही सासूबाईंची देणगी. त्याची आई दारात उभी राहून हसून हसून दमली. याचाही अभ्यास आधीच झालेला होता. २००३ साली सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. बारा वेळा. काहींसमोर चिनी बोलणारं माणूस बसून खेळलं, काहींना तेच माणूस टीव्हीवर दाखवलं. समोर माणूस असलेली बाळं त्या भाषेतले बारीक ध्वनी वेगळे ओळखायला लागली. टीव्हीवाली बाळं, ज्यांनी चिनी कधी ऐकलीच नव्हती त्यांच्याइतकीच राहिली.

आणि मग २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडे दुपारीच वीज गेली, मग फोन गेले, गाड्या तर बंदच. संध्याकाळ झाली तरी चार मुलांचे आईवडील आले नाहीत. ओवी त्यांतच होती, तेव्हा सव्वातीन वर्षांची. साडेसहाला तिघं मुलं सवयीनं आतल्या खोलीत जाऊन त्या काळ्या पडद्यासमोर बसली. मला पोटात धस्स झालं. टीव्ही कमी केला होता, पण ही वीस मिनिटं गेली सव्वा वर्षं मी एकदाही टीव्हीशिवाय काढली नव्हती, आणि आता तर सगळी रात्र काढायची होती.

मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर हातांचा ससा झाला, पिठाची चाळणी भिंतीवर फिरवून चांदणं झालं. तासाभरात माझं भांडवल संपलं. मग सासूबाई बोलायला लागल्या. त्या मूळच्या नाशिकच्या. लहानपणी गोदावरीला आलेला पूर, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं ते कसं बघायला जायचे, पाणी त्याच्या कमरेला लागलं की सगळे कसे आरडाओरडा करायचे. मुलांनी विचारलं, मग? मग छातीला लागलं. मग? बाहेर पाऊस कोसळत होता आणि इथे मारुती बुडत होता. ती गोष्ट त्या रात्री पाच वेळा झाली. सगळ्यांत लहान मूल मात्र गोष्टीनं शांत होईना, आईसाठी टाहो फोडत होतं. शेवटी सासूबाईंनी त्याला खांद्यावर टाकून त्यांच्या दुपारच्या मालिकेचं शीर्षकगीत गुणगुणलं, आणि तो झोपला. आता यावर मी काय बोलणार?

ओवीची आई दुसऱ्या दिवशी दुपारी, रुळांतून चालत, भिजून, पाय सुजलेल्या अवस्थेत आली. ओवीनं तिला दारातच मारुती बुडाल्याची सगळी हकीकत ऐकवली. हो, ओवी बोलायला लागली होती. २००४च्या दिवाळीपर्यंत दोन-दोन शब्द जोडत होती आणि वर्षभरात तिला ‘आता जरा गप बस’ म्हणायची वेळ आली. टीव्ही कमी केल्यामुळे बोलली का? डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात, ती तशीही बोलली असती, सांगता येत नाही. म्हणून मी त्याचं श्रेय घेत नाही. दोष मात्र सगळाच झटकून टाकता येत नाही, साडेनऊ तासांचा तो कागद माझ्या हस्ताक्षरात होता.

त्या रात्रीनंतर आठवड्यातले दोन-तीन दिवस साडेसहाला टीव्हीऐवजी मारुती असायचा. सासूबाई २०१३ साली गेल्या.

आता माझे गुडघे थकलेत, दोनच मुलं ठेवते. व्हीसीडी गेल्या, टीव्ही भिंतीला लागला आणि इंटरनेटला जोडला. त्याचा मला एकच मोठा जाच वाटतो, एक गोष्ट संपली की पाच सेकंदांत दुसरी आपोआप सुरू होते. “संपलं!” म्हणायला जागाच ठेवलेली नाही. ते आपोआप सुरू होणं बंद करता येतं. मला नातवानं करून दिलं, तुम्हीही सेटिंगमध्ये शोधा. २०२०च्या टाळेबंदीत पाळणाघर बंद होतं. नंतर आलेला एक मुलगा माझ्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट सरकवून चित्र बदलायची वाट बघत होता. त्याच्या आईवडिलांना मी काय बोलणार? दोघं घरून काम करत होते, घरात तिसरा हात नव्हता.

नियम विचाराल तर आज ते स्पष्ट आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९९ सालीच दोन वर्षांखालच्या मुलांना टीव्ही नको म्हटलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आणि आपल्या भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही त्यानंतर साधारण तेच सांगितलं: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. गावच्या आजीशी व्हिडिओवर दोन शब्द बोलायला आपल्या डॉक्टरांची हरकत नाही. पण हा एक तास म्हणजे रेशनचा कोटा नव्हे, की उचललाच पाहिजे. आणि तो पाळणाघराचा एक आणि घरचा एक असा दोनदा मिळत नाही. म्हणून माझ्या दाराच्या आतल्या बाजूला एक वही टांगलेली असते. सकाळी आईनं किंवा बाबांनी कालचं घरचं लिहायचं, संध्याकाळी मी इथलं. ओवीच्या आईनं मारलेल्या त्या पाच रेघांपासून ही पद्धत चालू आहे. सगळे खरं लिहितात असं मी म्हणत नाही. पण लिहिताना माणूस थबकतो.

आता परवाचीच गोष्ट. ह्यांनी आतल्या खोलीत क्रिकेट लावलं होतं. सध्याची माझ्याकडची अडीच वर्षांची मुलगी दार ढकलून आत गेली, त्यांच्याकडे बघितलं, ते आरामखुर्चीत घोरत होते. तिनं रिमोट उचलून मला आणून दिला आणि म्हणाली, “आजोबा झोपले. बंद कल.” मी बंद केला. त्याबरोबर आतून, डोळे मिटलेलेच ठेवून, आवाज आला, “अगं, मी बघतोय!”